सीताफळाचे सतरा संशोधक

हसणार नाही असं कबूल करा, मग सांगतो. आणि हसायचंच असेल तर हातातला चहा आधी खाली ठेवा. मागं हा किस्सा मेव्हण्याला सांगितला, तर त्यानं चहाच्या फवाऱ्यानं माझ्या पांढऱ्या शर्टावर नकाशा काढला. मी भूगोलाचा प्राध्यापक, नकाशाचं मला वावडं नाही. पण शर्ट नवीन होता.

तर माझ्या हातून एक घोळ झाला. साधासुधा नाही, एका बाईची सात वर्षांची मेहनत मी स्वतःच्या हातानं कागदावरून पुसली. वाईट हेतूनं? अजिबात नाही! उलट इतक्या चांगल्या हेतूनं मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही.

आधी माझी ओळख करून देतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या खानदानात कुणाचंही लग्न निघालं, की मुलगी पसंत झाल्यावर पहिला फोन मला येतो. हॉलवाल्याला नंतर. का? तर लग्नपत्रिकेचा मजकूर मी लिहितो. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, मोठ्या काकांचं 'निमंत्रक'मध्ये घातलं तर धाकट्यांचं 'व्यवस्थापक'मध्ये कसं घालायचं, कोणत्या आत्याचे यजमान रुसतात, कोणत्या मामांना नावापुढं 'माजी सरपंच' लागतं, हे सगळं मला तोंडपाठ. पंचवीस वर्षांत माझ्या पत्रिकेवरून एकही माणूस रुसून जेवल्याशिवाय गेलेला नाही. आमच्याकडं ही लई मोठी गोष्ट आहे. बायको म्हणते, तुम्हाला भूगोलापेक्षा हेच जास्त येतं. मी मनावर घेत नाही.

आता विद्यापीठाकडं या. आमच्या विद्यापीठात, हो, इथंच, औरंगाबादेत. आता संभाजीनगर म्हणायचं, पण मी सांगतोय ते तेव्हाचं. तर वरच्या साहेबांच्या एकदा लक्षात आलं, की इतक्या प्रयोगशाळा आहेत, इतके संशोधक आहेत, पण 'मी हे नवीन शोधून काढलंय' असं विद्यापीठाला कुणी कळवतच नाही. शोध लागत नव्हते असं नाही. लागत होते. लोक ते कपाटात ठेवत आणि कुलूप लावत. विद्यापीठाला कळलं तर त्या शोधासाठी विद्यापीठ पेटंटचा अर्ज करणार, संशोधकाचं नाव लागणार, सगळं चांगलंच होतं. पण सांगणार कोण?

म्हणून एक कक्ष काढायचं ठरलं. संशोधकांना जाऊन भेटायचं, समजवायचं, त्यांच्याकडून शोध कळवण्याचा अर्ज भरून घ्यायचा. समन्वयक कोणाला करायचं यावर बैठक झाली. त्या बैठकीला मी नव्हतो. चुलतभावाच्या मुलीच्या पत्रिकेसाठी पैठणला गेलो होतो. आणि तुम्हाला माहीतच आहे, बैठकीला जो नसतो त्याची निवड एकमतानं होते.

जिन्याखाली एक खोली मिळाली. आधी तिथं जुन्या उत्तरपत्रिका ठेवायचे. पाटी लागली, टेबल आलं, छापील अर्जांचा गठ्ठा आला. मी परिपत्रक काढलं. आठ दिवस कुणी फिरकलं नाही. नवव्या दिवशी एक जण आला, तो जुन्या उत्तरपत्रिका कुठं हलवल्या ते विचारायला.

मग मी म्हणलं, परिपत्रकानं कोण येतं? पत्रिका हातात नेऊन द्यावी लागते! अर्जांची पिशवी घेतली आणि विभागाविभागात हिंडायला लागलो.

"सर, काही नवीन शोधलंय का?"

"छे हो! आपण कुठले शोधणार?"

"ते टेबलावर कापडाखाली काय आहे?"

"ते जुनंय. चहा घेणार?"

सगळीकडं हेच. एकानं विचारलं, हे सांगितलं तर ऑडिट लागतं का? दुसरा म्हणाला, आमच्या विभागप्रमुखांना विचारा, शोध त्यांनाच लागतात. तिसऱ्यानं दार लावून आतून सांगितलं, सर बाहेर गेलेत. आवाज सरांचाच होता. दोन महिन्यांत मी किती चहा प्यालो याची गणती नाही, पण अर्ज मात्र एकही भरला गेला नाही. त्याचं कारण आम्ही सगळे जाणून होतो. तोंडातून शोध बाहेर पडला की त्याला मोठ्या माणसांची नावं चिकटतात. ज्यानं केलं तो राहतो बाजूला. म्हणून सगळे मूग गिळून बसलेले.

फूड टेक्नॉलॉजी विभागात डॉ. नसरीन मॅडम होत्या. छावणी भागात राहायच्या. सात वर्षं तासिकेवर शिकवत होत्या, म्हणजे जेवढे तास तेवढा पगार आणि सुट्टीत काहीच नाही. त्यांनी मला चहा विचारला नाही. स्टीलची एक वाटी पुढं ठेवली आणि म्हणाल्या, "चाखून बघा सर."

सीताफळाचा गर होता. पांढराशुभ्र, गोड, ताज्या फळाचा वास. मी दोन चमचे खाल्ले, मग तिसरा. "छान आहे की! आज सकाळी काढला?"

"मागच्या दिवाळीतला आहे, सर."

माझा चमचा तोंडातच राहिला.

तुम्ही मराठवाड्यातले असाल तर हे काय आहे ते तुम्हाला सांगायला नको. सीताफळ झाडावर एकदम पिकतं, सगळं एका वेळी. गर काढून ठेवावा तर बघता बघता काळा पडतो. गरम करावा तर कडू होतो. आणि या बाईनं तो वर्षभर पांढरा ठेवला होता! त्यात काय घातलं होतं ते विचारू नका. मी सांगणार नाही. तेवढं तरी आता शिकलोय.

मी पिशवीतून अर्ज काढला. पण मॅडमनी अर्ज हातात घेतला नाही.

"सर, दिवाळीनंतर कायम जागेची मुलाखत आहे. एकच जागा. दरवेळी विचारतात, तुमच्या नावावर काय आहे? यावेळी मला हे दाखवायचंय. पण मी तुम्हाला सांगितलं आणि वर दुसऱ्या कुणाचं नाव लागलं तर? मी कंत्राटी. मी कुणाशी भांडू?"

आता बघा, दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. मी छाती पुढं काढून म्हणालो, "मॅडम, नावांची काळजी तुम्ही माझ्यावर सोडा. नावांच्या बाबतीत पंचवीस वर्षांत माझी चूक झालेली नाही."

त्यांनी अर्ज भरला. तीन पानं, स्वच्छ अक्षर. माझ्या कक्षाचा पहिला अर्ज! मी त्याची झेरॉक्सही काढली नाही. एवढा जपला.

तीन दिवसांनी ढाकणे सर आले. नसरीन मॅडमचे विभागप्रमुख. मोठ्या देहाचा, मोठ्या आवाजाचा, मनानं चांगला माणूस.

"काय वं सर, आमच्या विभागात सीताफळाचा शोध लागला म्हणं?"

"व्हय सर."

"मला नाय सांगितलं?"

"सांगणारच होतो."

"गर ठेवला कुठं त्यांनी?"

"फ्रीजमध्ये असेल."

"फ्रीज कुणाच्या सहीनं आला?"

सही सरांचीच होती. आणि खरं सांगू, मला त्यात काही वावगंही दिसलं नाही. घरचा मोठा माणूस आहे, त्याचं नाव वर नको? मी ढाकणे सरांचं नाव संशोधकांच्या यादीत घातलं. पण ढाकणे सर आले तर अधिष्ठाता साहेब खाली कसे राहणार? त्यांचंही घातलं. साहेबांच्या वरच्या साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "माझं कशाला?" आमच्याकडं याचा अर्थ 'घाला' असा होतो. मग रसायनशास्त्राचे सर कँटीनमध्ये माझ्याकडं बघेनासे झाले. चौकशी केली तर त्यांच्या विभागानं कधीतरी एक बाटली उसनी दिली होती. म्हणलं, बरोबर आहे, वधूपक्षाची नावं आली आणि वरपक्ष तसाच राहिला! रसायनशास्त्राची चार नावं गेली. भांडारपालांनी बरण्या दिल्या होत्या. ग्रंथपालांनी पुस्तक दिलं होतं, आणि उशीर झाला तरी दंड लावला नव्हता.

मग नावांचं पान मी नव्यानं लिहिलं आणि रात्रंदिवस विचार करून क्रम लावला. ज्येष्ठता बघितली, विभाग बघितले, कोण कुणाशी बोलत नाही तेही बघितलं, त्यांच्यामध्ये एकेक शांत माणूस घातला. सगळ्यात खाली, 'आपला नम्र' म्हणून असतो तिथं, माझं. एकूण सतरा नावं. यादीवरून हात फिरवला आणि मन भरून आलं. इतकी समतोल यादी मी सख्ख्या मेहुणीच्या लग्नातही केली नव्हती. सगळ्यांनी आनंदानं सह्या केल्या.

नसरीन मॅडम? अहो, त्यांना मी विसरेन का! पत्रिकेत नवरीचं नाव 'निमंत्रकां'त असतं का? ते मधोमध असतं, ठळक, मोठ्या अक्षरात. मी अर्जाच्या शीर्षकातच त्यांचं नाव घातलं: 'डॉ. नसरीन यांनी शोधलेली सीताफळाचा गर पांढरा ठेवण्याची पद्धत.' पहिलं पान त्यांना दाखवलं. "बघा मॅडम, सगळ्यात वर. तुमचं एकटीचं."

त्या चक्क हसल्या. "शुक्रिया, सर," म्हणाल्या. यादीचं पान आत होतं. ते दाखवायचं मला सुचलं नाही. नवरीला कुणी 'व्यवस्थापक' वाचून दाखवतं का?

कागद पुण्याला गेले. तिथं पेटंटचं काम बघणाऱ्या एक वकीलबाई होत्या, त्यांच्याकडं. आठवड्यानं त्यांचा फोन आला तेव्हा मी गुलमंडीवर दिवाळीच्या गर्दीत, एका हातात आकाशकंदील आणि दुसऱ्या हातात बायकोनं दिलेली पिशवी.

"सर, शीर्षकात माणसाचं नाव चालत नाही. नियम आहे. काढू का?"

"नियमात असेल तर काढा की, बाई!"

"बाकी काही बदल?"

"काही नाही. होऊ द्या."

होऊन गेलं. दिवाळीच्या आधी अर्ज दाखल झाल्याचे कागद आले. मी त्याच्या अठरा प्रती काढल्या, लॅमिनेट केल्या आणि प्रत्येकाच्या हातात पेढ्यासकट नेऊन दिल्या. अठरावी नसरीन मॅडमची. त्या वर्गातून बाहेर पडत होत्या. त्यांनी पेढा बाजूला ठेवला, कागद वाचला. मग पुन्हा वाचला. एरवी माझ्याशी चांगल्या मराठीत बोलणाऱ्या बाई.

"सर, इसमें मेरा नाम किधर है?"

"आहे की! वरच—"

वर नव्हतं. मी यादी वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली. सतरा नावं, मानानुसार, एकही चूक नाही. माझं नाव होतं. बरण्या देणाऱ्याचं होतं. सीताफळाचा गर ज्यांनी पांढरा ठेवला त्यांचं तेवढं नव्हतं.

तिथूनच पुण्याला फोन लावला. मॅडम समोर उभ्या.

"बाई, संशोधकांत नसरीन मॅडमचं नाव नाही हो!"

"तुम्ही पाठवलेल्या यादीत नव्हतं, सर. शोध कुणी लावला?"

"नसरीन मॅडमनी."

"बाकी कुणी?"

"कुणी नाही."

"मग हे सतरा जण कोण आहेत?"

"मानाची नावं."

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला.

"सर," बाई म्हणाल्या, "हा अर्ज आहे. यात मान नसतो."

त्यांनी मला समजावून सांगितलं. ज्यानं शोध लावला नाही त्याचं नाव संशोधक म्हणून घालणं म्हणजे खोटं लिहून देणं. उद्या कुणीही हा अर्ज उडवून लावेल. आता हा मागं घ्यायचा आणि नवीन दाखल करायचा, फक्त मॅडमच्या नावानं. पण या सतरा जणांनी 'आम्ही संशोधक आहोत' म्हणून सह्या केल्यात. तर आता प्रत्येकानं लिहून द्यायला हवं, की या शोधात माझा काही भाग नाही. सतराच्या सतरा. ते कागद हातात आल्याशिवाय त्या पुढं सरकणार नव्हत्या. आणि मुलाखतीला उरले होते दहा दिवस.

मंडळी, नाव घालायला मी तयार आहे, कुठंही, कधीही. पण घातलेलं नाव काढायचं कसं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. छापलेल्या पत्रिकेतून आजवर कुणी काढलंय?

पहिले ढाकणे सर.

"नाव काढायचं म्हणता? अवो, गावात माझा फ्लेक्स लागलाय! 'सीताफळाचे शास्त्रज्ञ' म्हणून. सरपंचानं फेटा बांधला. आता गावाला काय सांगू, शोध परत केला म्हणून?"

अधिष्ठाता साहेब म्हणाले, बायोडाटा छापून झालाय, पुढच्या आवृत्तीत बघू. रसायनशास्त्राचे चौघे म्हणाले, आधी फूडवाल्यांची काढा. ग्रंथपालांनी विचारलं, "माझ्या कामात काही कमी पडलं का?" त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. मी त्यांना चहा पाजून परत आलो.

पाच दिवस गेले. एक सही नाही. सहाव्या दिवशी नसरीन मॅडम जिन्याखालच्या खोलीत आल्या आणि मी त्यांना खरं ते सांगितलं.

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीवर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सात वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. घरी अम्मीला पण नाही. म्हणायची, हे काळं-पांढरं काय करत बसतेस? तुम्ही म्हणालात म्हणून सांगितलं. चूक माझी आहे, सर. तुम्हाला सांगायला नको होतं."

पत्रिकेवरून कुणी रुसलं नाही याचा मी आयुष्यभर टेंभा मिरवला, आणि इथं जिचं कार्य होतं तिलाच मी मांडवाबाहेर उभं केलं होतं. मला माझी लाज वाटली. ती अजून वाटते.

थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "सर, ही सगळी माणसं एका ठिकाणी येतील का? तुम्ही बोलावलं तर?"

"बोलावण्याचं काय घेऊन बसलात! बोलावणं मी असं लिहीन, की आजारी माणूस उठून येईल."

"मग बोलवा. परवा दहा वाजता, लॅबमध्ये. मुलाखतीच्या तीन दिवस आधी."

मी सोळा निमंत्रणं हातानं लिहिली. 'सर्व मान्यवर संशोधकांनी उपस्थित राहून कार्यास शोभा आणावी.' सगळे आले. दहाच्या ठोक्याला, इस्त्रीच्या कपड्यात. ढाकणे सर तर गावचा फेटा बांधून.

लॅबमध्ये लांब टेबलावर सतरा वाट्या मांडल्या होत्या. प्रत्येक वाटीत ताजा सीताफळाचा गर. टेबलाच्या मधोमध बाटल्या, बरण्या, लिंबं, साखर, मीठ, बर्फ, काय हवं ते. प्रत्येक वाटीखाली एक कागद.

नसरीन मॅडम नम्रपणे म्हणाल्या, "आपण सगळे या पद्धतीचे संशोधक आहात. वकीलबाई फोन करून प्रत्येकाला कृती विचारणार आहेत. म्हणून एकदा करून ठेवलेलं बरं. गर काळा पडू द्यायचा नाही, एवढंच. सामान समोर आहे. मी मध्ये बोलणार नाही."

मग ढाकणे सरांनी बाह्या वर केल्या आणि एक लिंबू पिळलं. ते बघून बाकीच्यांनी लिंबं उचलली. अधिष्ठाता साहेबांनी बर्फ मागवला. रसायनशास्त्राचे चौघे कोपऱ्यात गेले, चौघांत भांडण लागलं आणि चार वेगवेगळ्या बाटल्या घेऊन परत आले. ग्रंथपालांनी वाटीवर रुमाल झाकला आणि डोळे मिटून बसले. वरचे साहेब बराच वेळ वाटीकडं बघत होते. मग म्हणाले, "मार्गदर्शन करायचं असेल तर मी आहे."

अकरा वाजले. बारा वाजले. गर आधी पिवळट झाला, मग मातकट, मग त्याचा रंग काय झाला ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

"हे जरा पांढरंच म्हणायचं ना?" ढाकणे सरांनी वाटी खिडकीशी नेऊन विचारलं.

"तुम्ही म्हणाल तसं, सर," मॅडम म्हणाल्या. "चाखून बघा."

सरांनी चाखलं. त्यांच्या फेट्याचा शेमला नुसता हलला.

मग मॅडमनी फ्रीज उघडला आणि मागच्या दिवाळीची बरणी टेबलावर ठेवली. पांढरीशुभ्र. सोळा काळ्या वाट्या आणि मधोमध ती. कुणाला काही सांगावं लागलं नाही.

पहिल्यांदा ढाकणे सरच बोलले. मोठा माणूस, खरंच मोठा. "पेन द्या वं कुणीतरी," म्हणाले. वाटीखालचा कागद ओढला, 'या शोधात माझा काही भाग नाही' याखाली सही ठोकली. "गावाला मी सांगतो काय सांगायचं ते. म्हणतो, फ्रीज माझा होता." मग अधिष्ठाता, मग रसायनशास्त्र, मग एकेक करून बाकीचे. वरच्या साहेबांनी विचारलं, "माझी सही कशाला?" यावेळी मात्र मी तो 'कशाला' ऐकला नाही. पेन पुढं केलं.

सोळा कागद झाले. मॅडम मोजत होत्या. त्या माझ्यासमोर येऊन थांबल्या.

"सर, तुमची वाटी कुठाय?"

माझी वाटी हातातच होती. रिकामी. काय करणार? साडेअकरापर्यंत काळी पडायला लागली होती, आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"खाल्ली," मी म्हणालो.

मॅडमनी सतरावा कागद पुढं सरकवला.

नवा अर्ज दुसऱ्या दिवशी दाखल झाला. संशोधक: एक. पावती मुलाखतीच्या आदल्या दिवशी आली आणि मी ती घेऊन छावणीत मॅडमच्या घरी स्वतः गेलो. दारात अम्मी होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. ते बरंच झालं.

मॅडमना कायम जागा मिळाली. ऑर्डर हातात आली त्या दिवशी त्या आमच्या जिन्यासमोरून गेल्या, हसल्या, पण थांबल्या नाहीत. ढाकणे सरांनी विभागात पेढे वाटले आणि पुन्हा तोच फेटा बांधला.

या सगळ्यातून मी धडा घेतला. खरंच घेतला! शोध कळवण्याचा अर्ज नव्यानं तयार केला. संशोधकाचं नाव पहिल्या ओळीत. आणि एक रकाना मी स्वतःच्या डोक्यानं घातला: 'ही माहिती कोणापासून गुप्त ठेवायची आहे?' वकीलबाईंना हा रकाना फार आवडला. म्हणाल्या, सर, हे मात्र चांगलं सुचलं तुम्हाला. हा रकाना बघून लोकांची भीडही चेपली. कापडाखालची यंत्रं बाहेर आली, कपाटं उघडली, ज्यांनी आतून 'सर बाहेर गेलेत' सांगितलं होतं ते सर स्वतः येऊन अर्ज घेऊन गेले.

आणि वर्षभरानं एका सकाळी नसरीन मॅडम आल्या. माझ्या समोर बसल्या. पर्समधून पाकीट काढलं. "नवीन आहे, सर," म्हणाल्या. "अर्ज भरून आणलाय."

मला काय वाटलं ते कसं सांगू! मॅडमनी मला माफ केलं, पुन्हा माझ्याकडंच आल्या. त्या गेल्यावर मी पाकीट उघडलं, चष्मा पुसला आणि पहिलं पान वाचायला घेतलं.

संशोधकाचं नाव: डॉ. नसरीन. एकच नाव, ठळक.

त्याच्या खाली माझा लाडका रकाना होता. ही माहिती कोणापासून गुप्त ठेवायची आहे?

तिथं माझं नाव होतं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. पुढं 'प्रा. डॉ.', मागं 'समन्वयक'. मान सगळा ठेवला होता.

मी पान तसंच घडी केलं. पाकिटात घातलं, डिंक लावला, वर सही केली आणि पुण्याला पाठवून दिलं. दुसरं पान उघडलं नाही. नियम मीच केलेला, मोडणार कसा?

त्या पाकिटात कोणता शोध होता ते मला आजही माहीत नाही. वकीलबाईंना एकदा भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, "सर, ते काही मी सांगणार नाही. पण तुमच्या कक्षातून आलेला हा सगळ्यात नीट भरलेला अर्ज आहे."